पहिलं राज्य तुमच्यावर

प्रश्न : मी हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरचा. वय ३८. कृषी केंद्र चालवतो, म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्ची. घर ते दुकान मोटरसायकल. मागच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, साखर काठावर आहे, हालचाल वाढवा. पहाटे हायवेच्या कडेनं फिरायला जातो, पण चार दिवसांत सुटतं. मुलगी आठ वर्षांची, मुलगा सहाचा. शाळा सुटली की दोघंही मोबाइल घेऊन बसतात. आम्ही तीन-चार मित्रांनी ठरवलं आहे की गावातले पोट्टे गोळा करायचे आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्यांचे खेळ घ्यायचे. पण मी शाळेत कबड्डी खेळलो तेवढंच, बाकी काही शिक्षण नाही. माझ्यासारख्यानं मुलांना शिकवावं का? आणि खरं सांगा, यात माझा व्यायाम होईल का?
— एक पालक, वडनेर (जि. वर्धा)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ आहे. दुसऱ्याला मात्र एक अट आहे, म्हणून तो आधी घेतो.

मैदानावर गेलं म्हणजे व्यायाम झाला, असं नसतं. कडेला उभं राहून शिट्टी फुंकणारे आणि सूचना ओरडणारे मार्गदर्शक शालेय स्पर्धांत तुम्ही पाहिले असतील. त्यांची पोरं घामाघूम होतात, ते स्वतः कोरडे राहतात. कोणत्या हालचालीला किती ऊर्जा लागते याची एक मोठी सूची अमेरिकेतल्या संशोधकांनी केली आहे आणि जगभरचे अभ्यासक ती वापरतात. तिच्या २०११ च्या आवृत्तीत खेळ शिकवण्याच्या दोन वेगळ्या नोंदी आहेत. नुसतं शिकवायला, स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या चौपट ऊर्जा लागते. खेळाडूंबरोबर स्वतः खेळत शिकवायला आठपट. पहिली मध्यम हालचाल झाली, दुसरी जोरकस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस हालचाल करावी. दोन्हींची बेरीजही चालते. आठवड्यातून तीन संध्याकाळी पाऊण-पाऊण तास मैदानावर असाल आणि त्यातला निम्मा वेळ खरोखर पळत असाल, तर तुमचा हिशेब जमतो. मुलांसाठी हीच संघटना रोज सरासरी ६० मिनिटं सांगते. म्हणजे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त गरज आहे.

तेव्हा अट एवढीच, की पकडापकडी सुरू झाली की पहिलं राज्य तुमच्यावर घ्यायचं.

एकट्यानं फिरायला जाणं सुटतं, कारण न गेल्यानं कुणाचं काही अडत नाही. इथे ठरल्या वेळी पंधरा पोरं मैदानावर येऊन थांबलेली असतील आणि तुम्ही दिसला नाहीत तर दुकानात येऊन हाक मारतील. माणसाला सवय लागते ती बहुतेक वेळा अशा हाकेनं, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे.

मात्र हा बेत डॉक्टरांच्या कानावर घालून मग सुरू करा. चाळिशीकडे झुकलेला, बरीच वर्षं बसून काम केलेला माणूस एकदम मुलांमागे धावला की पोटरीचा किंवा मांडीचा स्नायू ताणतो; पहिल्या आठवड्यात हेच अनेकांना होतं. पहिले दोन आठवडे जोरात पळू नका, जलद चाला, वळा, वाका. चपलेवर तर मुळीच पळू नका. छातीत दाब किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवली तर तिथेच थांबायचं आणि दवाखान्यात जायचं, उद्यावर टाकायचं नाही.

आता पहिला प्रश्न, शिक्षण नसल्याचा. मुलांना शिकवण्याचा परवाना आपल्याला कुणी दिला, या संकोचानं कितीतरी पालक मागे राहतात. पण कायदा काय सांगतो ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक त्यात फक्त सहावी ते आठवीसाठी आहे, तोही त्या वर्गांचा पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला वेगळा क्रीडाशिक्षक कायद्यानं मागितलेलाच नाही. तुमची दोन्ही मुलं याच वयाची आहेत. जे वय पळण्याचं, उड्या मारण्याचं, पडून उठायला शिकण्याचं, तिथेच ही जागा रिकामी आहे. ती तुम्ही कुणाकडून हिसकावून घेत नाही.

त्याच कायद्यात तुमच्यासाठी दारही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळेचं मैदान संध्याकाळी वापरायचं तर मुख्याध्यापकांना नुसतं तोंडी विचारू नका. समितीच्या सभेत विषय ठेवा, वेळ आणि जबाबदार माणसांची नावं ठरावात लिहून घ्या. तोंडी परवानगी मुख्याध्यापक बदलले की संपते, ठराव टिकतो.

शिकवायला उतरलेल्या सामान्य माणसांची उदाहरणं दूर शोधायला नकोत. ज्या महामार्गावर तुमचं गाव आहे त्याच्याच उत्तरेला नागपूर. तिथल्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा विषयाचे प्राध्यापक असलेल्या विजय बारसे यांनी पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळणारी झोपडपट्टीतली पोरं पाहिली आणि त्यांना फुटबॉल दिला. त्यातूनच २००१ मध्ये ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. पुढे त्यांचा मुलगाही त्याच कामात आला. नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ हा चित्रपट विजय बारसेंवरच आहे. बारसे खेळातले जाणकार होते, हे खरं. पण त्या पोरांना त्या दिवशी गरज होती ती चेंडूची आणि उद्या पुन्हा येणाऱ्या माणसाची. नागपूरचीच बॅडमिंटनपटू मालविका बनसोड, जिनं जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं, तिची आई दंतवैद्य. मुलीच्या खेळाला आधार द्यायचा म्हणून त्या आईनं क्रीडाशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं. आधी मुलगी खेळू लागली, मग आई शिकली. तुम्हीही त्याच क्रमानं जा.

आणि विदर्भाला हे नवं कुठे आहे? अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, वैद्य बंधूंनी सुरू केलेलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूनं तिथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. गावोगावच्या आखाड्यांतले वस्ताद दिवसा शेती करत आणि संध्याकाळी पोरांना लाल मातीत उतरवत. खाशाबा जाधवांना कुस्तीचे पहिले धडे त्यांच्या वडिलांनी, दादासाहेबांनी दिले, कराडजवळच्या गोळेश्वरात, खाशाबा पाच वर्षांचे असताना. त्याच मुलानं १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणलं. आई-बापानं, काका-मामानं शिकवणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मधल्या काळात ती शाळेवर आणि क्लासवर सोपवून आपण बाजूला झालो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तांत्रिक कसब कमी असलं तरी चालेल, वागणं मात्र चुकून चालणार नाही. यावर अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मोल या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर काम केलं. तिथे मुलांच्या बेसबॉलला बहुतेक मार्गदर्शक म्हणजे स्वयंसेवक पालक. काही मार्गदर्शकांना त्यांनी काही तासांचं प्रशिक्षण दिलं. खेळाचं नव्हे, बोलण्याचं : मूल झटलं की शाबासकी द्यायची, चुकलं तर आधी धीर आणि मग नीट सूचना, रागावून शिक्षा अजिबात नाही. पुढच्या हंगामात काय झालं, ते १९९२ च्या एका अभ्यासात आहे. प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या हाताखालच्या मुलांपैकी २६ टक्के मुलांनी खेळ सोडला. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे ५ टक्के. सामने दोन्हीकडच्यांनी सारखेच जिंकले-हरले होते. हा आकडा मी फार महत्त्वाचा मानतो. सहा-आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तुमचं यश एकच, ते मूल पुढच्या वर्षीही मैदानावर आलं पाहिजे.

पाऊण तासात करायचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडचण तिथेच येते. बहुतेक हौशी मार्गदर्शक वीस मुलांची एक रांग लावतात आणि एक चेंडू काढतात. एक मूल खेळतं, एकोणीस उभी राहतात, ढकलाढकली सुरू होते आणि मग मार्गदर्शक ओरडू लागतो. रांग लावायचीच नाही. सुरुवातीला सगळ्यांना एकदम पळवणारा खेळ घ्या. विष-अमृत घ्या, राज्य तुम्हा दोघा-तिघा मोठ्यांवर. तुम्ही ‘विष’ दिलेलं मूल जागच्या जागी थिजतं, दुसरं येऊन ‘अमृत’ देतं. कुणी बाद होऊन बाहेर बसत नाही. लहान मुलांच्या खेळात ‘बाद’ हा प्रकार मला पटत नाही, कारण सगळ्यात आधी बाद होतं ते मूल ज्याला खेळायची गरज सगळ्यात जास्त असते. त्यानंतर साखळीची पकडापकडी, डोंगर-पाणी, मग लंगडी.

लंगडीला हलकं समजू नका. ‘फिफा ११+ किड्स’ नावाचा सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठीचा एक वॉर्म-अप आहे. एका पायावर तोल, एका पायावर उड्या, नीट जमिनीवर येणं, इजा न होता पडणं, असे सात प्रकार. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताकातल्या सुमारे ३,९०० मुलांवर तो करून पाहिला तेव्हा दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यातला तोल आणि एका पायावरच्या उड्या हा भाग आपली लंगडी करून घेते. मातीत कोलांटउडी शिकवा, पडण्याची भीती जाते.

उरलेला वेळ एका खऱ्या खेळाला द्या, आणि सुरुवात खो-खोनं करा, असं मी सुचवेन. क्रिकेटमध्ये सहा वर्षांचा मुलगा अर्धा तास सीमारेषेवर गवत उपटत बसतो. खो-खोत पाळी आली की जीव तोडून पळावं लागतं आणि पाळी लवकर येते. साहित्य म्हणजे दोन खांब आणि फक्कीच्या रेषा. पूर्ण मैदान २७ बाय १६ मीटरचं; लहानांना निम्मं पुरे. आठ जणांऐवजी पाचच बसवा म्हणजे दोन मैदानं एकदम चालतील. आट्यापाट्या वडीलधाऱ्यांपैकी कुणाला नीट येत असेल तर त्यांना मैदानावर बोलवा, त्यांच्याकडून शिका. कबड्डी तुम्हाला येते. पण आठ वर्षांच्या आतल्यांना पकडी शिकवू नका, नुसता स्पर्श पुरे. गुडघा आणि मानेची दुखापत परवडणारी नाही.

तुमची स्वतःची दोन मुलं त्या घोळक्यात असतील, आणि सगळ्यात नाजूक गाठ तीच आहे. २००५ मध्ये मॉरीन वाईस आणि सुझॅन फ्रेटवेल या अभ्यासकांनी स्वतःच्याच मुलाला फुटबॉल शिकवणाऱ्या वडिलांशी, त्या मुलांशी आणि संघातल्या इतर मुलांशी बोलून एक अभ्यास केला. मुलांना वडिलांचा सहवास मिळतो, खेळातल्या बारकाव्यांकडे लक्ष मिळतं, शाबासकी मिळते, हे त्यांनी आनंदानं सांगितलं. पण बाबा माझ्यावरच जास्त ओरडतात, माझ्याकडून जास्त अपेक्षा ठेवतात, हेही सांगितलं. वडिलांना बाप कुठे संपतो आणि मार्गदर्शक कुठे सुरू होतो, ते कळेनासं होतं. यावर मला माहीत असलेला उपाय साधा आहे. तुमच्या मुलीचा गट तुमच्या मित्रानं घ्यावा, त्याच्या मुलाचा तुम्ही. संघ पाडताना आपल्या पोराचं नाव आपण घ्यायचं नाही. आणि मैदानावरून घरी जाताना रस्त्यात ‘तू तो खो उशिरा का दिलास’ हा विषय काढायचा नाही. तिनं स्वतः काढला तर ऐकायचं.

दोन-तीन महिन्यांत गावात कुणीतरी म्हणेलच, स्पर्धा ठेवू, ढाल ठेवू, रोख बक्षीस लावू. इतक्या लहान मुलांसाठी याला नाही म्हणायचं धाडस ठेवा. नॉर्वेच्या क्रीडा महासंघानं १९८७ मध्येच मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ मध्ये सुधारले. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत निकालांच्या याद्या आणि क्रमवारी नाही. राष्ट्रीय अजिंक्यपद तेराव्या वर्षापर्यंत नाही. तिथेही गावोगावचे संघ पालकच चालवतात. साधारण ५५ लाख वस्तीच्या या देशानं २०१८ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ३९ पदकं मिळवली, सगळ्या देशांत जास्त. २०२२ ला १६ सुवर्णं, तीही सगळ्यांत जास्त. लहानपणी निकाल न लावल्यानं मुलं कच्ची राहतात, या भीतीला याहून ठोस उत्तर मला सुचत नाही. सामना हवाच असेल तर अमेरिकेत १९६४ मध्ये सुरू झालेल्या एका पालक-स्वयंसेवी फुटबॉल संघटनेचा नियम उचला. प्रत्येक मूल किमान अर्धा सामना खेळलंच पाहिजे, आणि संघ दरवर्षी नव्यानं, समान ताकदीचे पाडायचे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र मी हट्टी आहे. मैदानावर कायम दोन मोठी माणसं. एकट्या मोठ्या माणसानं एकट्या मुलाला घेऊन कुठेही जायचं नाही, मदतीच्या नावाखालीही नाही. हे तुमच्या मित्रांवर अविश्वास म्हणून नव्हे, नियम सगळ्यांना सारखा म्हणून. हायवेपलीकडून येणाऱ्या मुलांना घरचं कुणीतरी सोडायला आणि न्यायला येईल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. ट्रकांच्या त्या रस्त्यावर संध्याकाळच्या अंधारात मूल एकटं सोडायचं नाही. मैदानाच्या कडेचं गवत कापून घ्या, अंधार पडायच्या आत मुलं घरी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडचा पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा संध्याकाळ विसरा, सूर्य उगवताना खेळा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी. मृगाआधीच्या वादळात आभाळ गडगडलं की खेळ बंद करून शाळेच्या इमारतीत, झाडाखाली नाही.

तुमच्या पत्रात तीन-चार मित्र आहेत, बाई एकही नाही. पेरणीच्या दिवसांत तुमच्या दुकानात श्वास घ्यायला सवड नसते, शेतकरी मित्र तेव्हा वावरात असतात, म्हणून सहा-आठ माणसांची पाळी लावावीच लागेल. त्यात निम्म्या आया असू द्या. २०२२ साली भारतातल्या सुमारे ५७ टक्के प्रौढ स्त्रियांची हालचाल पुरेशी नव्हती आणि पुरुषांत हेच प्रमाण ४२ टक्के होतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलं. अर्थात दिवसभर निंदण करून, कापूस वेचून आलेल्या बाईला संध्याकाळी ‘हालचाल वाढवा’ म्हणणं अन्यायाचं आहे. तिला विश्रांती हवी. पण शाळेतल्या मॅडम, दुकानदारांच्या घरच्या, मशीनवर शिवण करणाऱ्या, दिवसभर घरात असणाऱ्या बायका गावात आहेत, आणि त्यांना लंगडी तुमच्यापेक्षा चांगली येते. साडी अडचणीची वाटली तर सलवार-कुर्ता घालून याव्यात, आणि पहिले काही दिवस कुणी कुंपणावरून बघत उभं राहणार नाही, याची काळजी तुम्ही पुरुषांनी घ्यावी. आया मैदानावर असल्या की मुलींना घरून पाठवायला कुणी का-कू करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला; प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तुमच्या मुलीला प्रियंकाचे सामने मोबाइलवर दाखवा. त्या मोबाइलचा तेवढा उपयोग झालाच पाहिजे.

दहा-अकरा वर्षांची झाल्यावर यातली काही मुलं तुम्हाला प्रश्न विचारू लागतील ज्यांची उत्तरं तुमच्याकडे नसतील : खांबावर वळण कसं घ्यायचं, सूर कधी मारायचा. तेव्हा त्यांना अडवून ठेवू नका. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. हायस्कूलचे क्रीडाशिक्षक, तालुक्याचे क्रीडा अधिकारी, वर्ध्याचं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय, इथे त्या मुलांची नावं घेऊन जा आणि पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून शिकून आलेला प्रशिक्षक जवळपास कुठे आहे, याची चौकशी करा. तुम्ही मात्र सहा-सात वर्षांच्या नव्या पोरांपाशीच राहा. दरवर्षी पहिलीत नवी पोरं येणार, आणि त्यांच्यामागे धावणारं माणूस गावाला लागणारच आहे.